अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटीत मुलांना घेऊन जावं का? शाळेचं रेटिंग दहापैकी चार आहे

ताई, तुम्ही विचारलंय की डॉक्टर मिस्टरांना जे-१ वेव्हरवर (जे-१ व्हिसावर आलेल्या डॉक्टरला मायदेशी परतायच्या अटीतून सूट, बदल्यात डॉक्टर कमी असलेल्या भागात नोकरी) आयोवातल्या एका ग्रामीण काउंटीत नोकरी मिळतेय, तीन वर्षं तिथं काढावी लागणार, वस्ती वीसेक हजार, भाग रिपब्लिकन, शाळेला वेबसाइटवर दहापैकी चार, मुलं दुसरीत आणि पाचवीत. जावं, की न्यू जर्सीतच दुसरं काही बघावं? बाकीच्यांनी तुम्हाला एकच सांगितलंय: मुलांचं नुकसान करू नका. ते वाचून राहवलं नाही.

हेच वाक्य मी न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, गौरीच्या जेवणाच्या पंगतीत ऐकलंय. माझ्या थोरल्या दिरांनी फोन काढला, आमच्या शाळेचं पान उघडलं आणि तो फोन पाहुण्यांमध्ये फिरवला. "डॉक्टर होऊन पोरांना खाटीकखान्यातल्या पोरांत नेऊन बसवलंत," असं म्हणाले. मी पुरणपोळी वाढत होते म्हणून गप्प बसले. आज वाढायचं काही नाही.

आमची काउंटी ब्युएना व्हिस्टा, आयोवाच्या वायव्य कोपऱ्याजवळ. आयोवात ९९ काउंट्या आहेत. आमची जवळजवळ २४ मैल बाय २४ मैलांचा चौकोन, त्यात १६ टाउनशिप, म्हणजे काउंटीचे छोटे भाग. दर मैलाला एक सरळ रस्ता, बहुतेक खडीचे, आणि त्या चौकटींत मका नाहीतर सोयाबीन. मी मिरजेकडची. आमच्याकडे कृष्णाकाठच्या क्षारपड रानात वडिलांनी जमिनीखालून सच्छिद्र पाइप घातले होते. इथे अख्खी काउंटीच तशी आहे. मुळात ही पाणथळ कुरणं. शंभरेक वर्षांपूर्वी मातीच्या नळ्या पुरून पाणी काढून दिलं, म्हणून आज ही जगातल्या भारी काळ्या जमिनींत मोजतात. या नळ्यांना इथे 'टाइल' म्हणतात, आणि त्या सांभाळायला ड्रेनेज डिस्ट्रिक्ट असतात, जमीनमालकांवर त्यांचा वेगळा कर असतो. राजकारण म्हणजे ट्रम्प आणि बायडन एवढंच समजून येऊ नका. काउंटीच्या पाच सुपरवायझरांच्या (निवडून आलेल्या कारभाऱ्यांच्या) बैठकीत कुणीही जाऊन बसू शकतं. मी बसलेय. एका टाइलच्या तोंडावरून तासभर वाद चालला होता.

त्या टाइलमधून शेतातलं नायट्रेट ओढ्यात जातं, ओढ्यातून रॅकून नदीत, नदीतून राजधानी डि मॉइनच्या नळाला. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट चालत नाही. म्हणून २०१५ मध्ये डि मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने आमच्यासह सॅक आणि कॅल्हून काउंटीतल्या ड्रेनेज डिस्ट्रिक्टवर दावा ठोकला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. पण या काउंट्यांच्या वकिलांचे पैसे नेमकं कोण भरतंय, हे गावातल्या 'स्टॉर्म लेक टाइम्स'च्या आर्ट कलन यांनी विचारून विचारून पिच्छा पुरवला, आणि त्या अग्रलेखांना २०१७ चं पुलित्झर, पत्रकारितेचं मोठं पारितोषिक, मिळालं. तीनेक हजार खपाचं घरगुती वर्तमानपत्र! तुमच्या काउंटीत असं एखादं पत्र जिवंत असेल तर जायच्या आधीच वर्गणी भरा. वेबसाइटच्या दहा गुणांपेक्षा त्यातून जास्त कळेल.

आता लोकसंख्या. २०२० च्या जनगणनेत काउंटी २०,८२३, त्यातले ११,२६९ एकट्या स्टॉर्म लेक गावात. शेजारच्या पोकाहॉन्टस काउंटीत सातेक हजार, तेही घटत चाललेले. आमच्याकडे माणसं टिकली, कारण मांसाचे कारखाने. १९८१ मध्ये हायग्रेडचा जुना डुक्कर-कारखाना बंद पडला. पुढच्याच वर्षी आयबीपी या मांस कंपनीने तो घेतला आणि युनियनविना, कमी मजुरीवर चालू केला. जुने कामगार बरेचसे परतले नाहीत. त्या जागी लाओसचे लोक आले. व्हिएतनाम युद्धानंतर गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी ताई दाम निर्वासितांना आयोवात बोलावलं होतं, त्यांचे नातेवाईक, ओळखीपाळखीचे. मग मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले, पुढे म्यानमारचे कारेन, पुढे मायक्रोनेशियाच्या बेटांवरचे. १९९६ मध्ये कारखान्यावर इमिग्रेशनची धाडही पडली. २००१ मध्ये आयबीपी टायसन या दुसऱ्या मांस कंपनीने घेतली. आता टायसनचे इथे दोन कारखाने आहेत, एक डुकरांचा, एक टर्कीचा. काउंटीचं नाव १८४७ साली मेक्सिकोशी झालेल्या लढाईवरून ठेवलेलं, आणि आज शाळेच्या पटावर मेक्सिकन आडनावं भरपूर.

भाऊजी ज्याला खाटीकखान्यातली पोरं म्हणाले ती हीच. ईएडी (काम करायचा परवाना) आल्यावर मी शाळेत बदली शिक्षिका म्हणून जायला लागले. एकदा तिसरीचा वर्ग मिळाला. तिथे एक मुलगा होता, मायक्रोनेशियातून भर जानेवारीत आलेला. (त्या बेटांवरच्या लोकांना करारानुसार व्हिसा लागत नाही, सरळ येऊन काम करता येतं.) अंगात वर्गमित्राचा जुना कोट, इंग्रजी जवळजवळ शून्य. गणिताचा कागद वाटला. वरच्या अर्ध्या भागात नुसते आकडे, खाली गोष्टीतली गणितं. याने वरचा भाग सगळ्यांच्या आधी संपवला, सगळं बरोबर, आणि खालचा भाग कोरा ठेवून पेन्सिल खाली ठेवली. पहिलं गणित होतं: शेतकऱ्याने आठ ओळींत सात सात रोपं लावली, एकूण किती? मी शेजारी बसले आणि कागदाच्या कडेला ठिपक्यांची एक ओळ काढली, मग दुसरी काढायला घेतली. ती पुरी व्हायच्या आत त्याने ५६ लिहिलं. मग त्याने कागद माझ्याकडे सरकवला, पुढच्या गणितावर बोट ठेवलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. बाई, काढा. मी काढत गेले, तो सोडवत गेला. एकच चुकलं, आणि ते चित्र माझंच धड नव्हतं.

वसंतात राज्याची परीक्षा असते. देशात नव्याने आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी इंग्रजी वाचनाच्या पेपरातून सूट देता येते, गणिताच्या नाही. तिथे शेजारी बसून ठिपके काढायला कुणी नसतं. आता त्याचा निकाल काय लागणार आणि तो कुठल्या रकान्यात जाणार, सांगा. एडिसनमध्ये पंगतीतून फिरलेल्या त्या फोनवरचा लाल रकाना तो होता. ते गुण शाळेचे नाहीत. मुलाच्या घरात इंग्रजी किती आणि पैसा किती, याचे आहेत.

हे मी भाऊजींना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, पण तुझ्या मुलांना त्याचा काय फायदा?" प्रश्न रास्त आहे. पण मग मीही विचारते: तुमच्या दहापैकी नऊवाल्या शाळेतला मुलगा संध्याकाळी गणिताच्या क्लासला जातो, शनिवारी इंग्रजीच्या, रविवारी कोडिंगच्या. ते नऊ गुण शाळेचे की क्लासचे? घरात दोन पदव्या आणि पुस्तकांचं कपाट असलेलं मूल सरासरीने बुडत नाही. आमची लेक हायस्कूलमध्ये असतानाच आयोवा सेंट्रल कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट मिळवतेय, फी न भरता. तिला वीसेक भाषांच्या मुलांत वावरता येतं. एडिसनमध्ये वर्गातली निम्मी मुलं आपल्यातलीच, तिथे भाऊजींचा मुलगा कुणाकुणाशी बोलायला शिकतोय, देव जाणे.

शाळांचं राजकारण मात्र समजून घ्या, ते कुणी सांगत नाही. आयोवात राज्याचा निधी पटावर ठरतो. पोरं कमी झाली की पैसा कमी, मग शेजारची शाळा मिळवून घ्यायची. आमच्या शेजारची आल्टा-ऑरेलिया २०१८ मध्ये अशीच एकत्र झाली. जोडनावाची शाळा दिसली की समजायचं, एक गाव आपली शाळा गमावून बसलंय. स्टॉर्म लेकवर ती वेळ आली नाही ती या परक्या पोरांमुळे. पण इमारतीसाठी बाँड (करातून फेडायचं कर्ज) काढायचा तर ६० टक्के मतं लागतात, आणि गोम तिथेच आहे. पोरं ज्यांची, त्यातल्या कितीतरी आईबापांना मतदानाचा हक्क नाही. मत ज्यांना आहे, त्यांची पोरं शिकून डि मॉइन-शिकागोला गेलेली. मालमत्ता कर शेतकरी भरणार, शाळेत दुसऱ्यांची नातवंडं. आम्हालाही मत नाही, कर मात्र आहे. तरी मला सगळ्यात आश्चर्य याचं वाटतं, की गावातले पुष्कळ म्हातारे शाळेच्या बाजूने असतात. शाळा गेली की गाव गेलं, हे त्यांनी आजूबाजूला बघितलंय.

वरच्या पातळीवर काउंटी पक्की रिपब्लिकन. ट्रम्प २०१६, २०२०, २०२४ तिन्ही वेळा आरामात जिंकले. खासदार स्टीव्ह किंग २००३ पासून होते. स्थलांतरितांबद्दल काय काय बोलून गेले ते शोधून वाचा. २०१९ मध्ये त्यांच्याच पक्षाने त्यांना समित्यांवरून काढलं, आणि २०२० च्या जूनमध्ये प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) रँडी फीनस्ट्रा यांनी पाडलं. अशा भागात खरी निवडणूक नोव्हेंबरात होत नाही, जूनच्या प्रायमरीत होते. २०२३ पासून गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांच्या कायद्याने खासगी शाळेत घालायला मुलामागे साडेसात हजार डॉलरच्या वर सरकार देतं. शहरात ठीक आहे. गावात एखादी कॅथलिक शाळा, बाकी पर्याय कुठे? पैसा मात्र राज्याच्या तिजोरीतून जाणार.

तर जा. "न्यू जर्सीत दुसरं काही" वगैरे इतकं सोपं नाही, हे मिस्टरांना माहीत असेलच. कॉनरॅडमध्ये (डॉक्टरांना ही वेव्हर देणाऱ्या योजनेत) राज्यामागे वर्षाला ३० च जागा असतात, हातातली ऑफर सोडू नका.

आता थोडं उलट बाजूचंही. मूल दहावी-अकरावीत असतं तर मी जा म्हटलं नसतं. विषयांची निवड खरंच कमी असते आणि त्या वयात मित्र सुटले की मुलं बिथरतात. तुमची काउंटी आमच्यासारखी टिकलेली नसून पोकाहॉन्टससारखी घटणारी असेल, तर वरचं निम्मं गैरलागू. मग एकच प्रश्न विचारा: गेल्या पाच वर्षांचा पट किती होता? हिवाळा वाईट आहे, आणि वारा त्याहून. दक्षिणेचा वारा सुटला की डुकरांच्या शेडचा वास घरात येतो, त्याची सवय होते असं सांगणारे खोटं बोलतात. कढीपत्त्यासाठी आम्ही सू सिटी गाठतो. मराठी बोलायला नवरा, दुसरं कुणी नाही. एच-४ वर (जोडीदाराच्या व्हिसावर) घरी बसून राहिलात तर पहिला फेब्रुवारी जड जाईल, तेव्हा कामाचा परवाना हातात येईपर्यंत लायब्ररीत नाहीतर शाळेत स्वयंसेवक म्हणून तरी जा. आणि त्या रेटिंगमध्ये आता मुलाची प्रगतीही थोडीफार धरतात म्हणे, ते भाऊजींनी फोन फिरवला नसता तर मीही शांतपणे वाचलं असतं.

घर पहिल्या वर्षी भाड्यानेच घ्या. बघायला जाल तेव्हा आधी बेसमेंटमध्ये उतरा, सम्प पंप (तळघरातलं पाणी उपसणारा) चालू करायला सांगा आणि पाणी कुठे जातं ते विचारा. मुळात दलदल आहे, जूनच्या पावसात दाखवतेच. वीज गेल्यावर चालायला पंपाला बॅटरी आहे का तेही बघा. नसेल तर घरमालकाकडून आधी बसवून घ्या, मग सही करा.