उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचा खेळ, घोडेस्वारी आणि भटकंती हे सगळं कसं जमवता?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात राहता, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा, तुम्ही दोघंही नोकरी करता, आजी-आजोबा घरी असतात आणि पोरांना या मे महिन्यात मैदान, घोडा, डोंगर सगळंच हवंय. जमतं. आमच्याकडे वयं साधारण हीच, त्यामुळे आमचं गाडं कसं चालतं ते सांगते. फक्त तीन-तीन शिबिरांच्या पावत्या फाडू नका. सकाळी क्रिकेट, दुपारी रोबोटिक्स, संध्याकाळी स्केटिंग असा बेत केला की दुसऱ्या आठवड्यात पोरं आंघोळीलाही कुरकुरतात, आणि ने-आण करणाऱ्या आजोबांचे हाल होतात ते वेगळेच.

रोजचा खेळ एकच ठेवा, तोही चालत जाता येईल अशा मैदानावरचा. आमच्याकडे खो-खो. फी नाममात्र, सामान म्हणजे बूट आणि पाण्याची बाटली. या खेळाचे नियम पहिल्यांदा नीट बांधले गेले ते आपल्याच डेक्कन जिमखान्यावर, १९१४ साली. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, त्यात पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही कर्णधार मराठी, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. तेव्हापासून आमच्या मैदानावर मुलींची संख्या चांगलीच वाढलीय. सात वर्षांच्या मुलाला सुरुवातीला कुणी संघात घेणार नाही, लिंबूटिंबू म्हणून पळू देतील. पळू द्या. खांबापाशी वळताना तोल कसा सावरायचा हे तो मोठ्यांचं बघूनच शिकतो.

जवळपास मल्लखांब शिकवत असतील तर तोही उत्तम, पण जुने कपडे घालून पाठवा. खांबाला एरंडेल लावलेलं असतं आणि तो वास टी-शर्टातून जाता जात नाही.

आता घोडा. सहलीतला घोडा आणि शिकवणीतला घोडा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढे तुमचे पाय, मिनी ट्रेन, ई-रिक्षा नाहीतर घोडा. तिथे घोडेवाला लगाम धरून शेजारी चालतो, मूल वर बसून तांबड्या मातीतून झाडी बघत जातं. मजा येते, जरूर बसवा, पण त्याने घोडेस्वारी येत नाही. बसण्याआधी भाव ठरवा: कुठले पॉइंट, किती वेळ, परत कुठे सोडणार. घोडा लंगडत नाही ना, खोगिराखाली जखम नाही ना, हे बघा. लहान मूल असेल तर उतारावर पळवायचं नाही हे आधीच सांगा. हेल्मेट घरून न्या. घोडेस्वारीचं नसेल तर सायकलचं, काहीच नसण्यापेक्षा ते बरं. आणि आपण मोठी माणसं जरा जड असू तर चालावं. खोगीर धरून घोड्यावरचं ओझं त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये असा ढोबळ नियम आहे, आणि ही तट्टं काही अरबी घोड्यांएवढी दणकट नसतात.

शिकवायचं असेल तर आठवड्यातून दोन दिवस पुरे. क्लास निवडताना आधी मुलांना न घेता एकटे जाऊन या. इन्स्टाग्रामवरचे व्हिडिओ बघून काही कळत नाही. तबेल्यात सावली आणि पाणी आहे का, मुलांच्या मापाची हेल्मेटं आहेत का, एका शिक्षकामागे किती मुलं, हे बघा. आणि नवशिक्यांना पहिले काही धडे लांब दोरीवर देतात का ते विचारा. म्हणजे शिक्षक मध्ये उभा, दोरी त्याच्या हातात आणि घोडा त्याच्याभोवती गोल फिरतो. मुलाला फक्त तोल सांभाळायचा असतो. एका ठिकाणी आम्हाला पहिल्याच दिवशी ‘फोटोसाठी दौड’ देऊ करत होते. तिथून आम्ही चहा न पिताच निघालो.

सध्या जातो तिथे पहिल्या दिवशी घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार काकांनी लेकीच्या हातात खरारा (घोड्याचं अंग घासायचा दातेरी ब्रश) दिला. तिचं तोंड एवढंसं झालं, कारण डोक्यात दौड होती. काका म्हणाले, “आधी ओळख कर ताई, तुला पाठीवर घ्यायचं का नाही ते ती घोडी ठरवणार.” मग मानेपासून मागे गोल गोल घासत धूळ वर काढायची, नंतर केसांच्या दिशेने ब्रश फिरवायचा, मग एकेक पाय उचलून खुरातली माती आकडीने कोरायची. खुराच्या मध्ये पाचरीसारखा मऊ भाग असतो, तिथे आकडी लावायची नाही. डाव्या पुढच्या खुरात एक खडा अडकलेला निघाला, तो तिने खिशात घालून घरी आणला. घोड्याच्या अगदी पाठीमागे आणि नाकासमोर त्याला दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जायचं. कान मागे चपटे पडले की बाजूला व्हायचं. हे सगळं तिने आता धाकट्याला इतकं शिकवलंय की तो आजोबांच्याही पाठीमागून जात नाही.

खाऊ घालायचा तर विचारून, तळहात सपाट ठेवून, गाजराचा तुकडा. बिस्किटं, वेफर्स अजिबात नकोत. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे नको ते पोटात गेलं की ते बाहेर टाकायची सोय नाही, आणि पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो.

चढायचं डाव्या बाजूने. तलवार डाव्या कमरेला लटकायची म्हणून ही रीत पडली असं सांगतात. आमच्या चिरंजीवांना तेवढं कारण पुरलं. चाल जमली की दुडकी, म्हणजे चालीच्या पुढची हलकी धाव. दुडकीत घोड्याच्या पावलांबरोबर उठ-बस करावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात. बुटाला थोडी टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार सरकत नाही. सँडल, क्रॉक्स घरी.

सुरक्षित आहे का, या तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की पडण्याची शक्यता असतेच. हेल्मेट, शांत घोडा आणि दोरी धरलेला शिक्षक, यातलं एक जरी नसेल तर मी बसवणार नाही. शिवाय धनुर्वाताची लस बघून घ्या. पाच-सहा वर्षांचा आणि दहा वर्षांचा डोस बऱ्याच घरी राहून जातो, आणि तबेल्याच्या मातीत, लिदीत ते जंतू असतात.

भटकंती फक्त रविवारी आणि पहाटे. आतकरवाडीतून सिंहगड चढायचा तर उजाडताना पायथ्याशी हवं. वर मडक्यातलं दही, पिठलं-भाकरी, आणि ऊन तापायच्या आत खाली. करवंदं मे महिन्यात मिळतात, त्यासाठी पोरं न कुरकुरता चढतात. कड्यावर आग्या मोहोळ असतं तिथे आरडाओरडा, धूर, सेंट काही नको. काजवे बघायचे तर राजमाची, मे अखेर ते पहिला दमदार पाऊस, पण शनिवार-रविवार टाळा. गाड्यांच्या दिव्यांपुढे काजव्यांचा काय पाड लागणार!

दुपारी बारा ते चार बाहेर पडायचं नाही, यावर घरात वाद नाही. पत्ते, पन्हं, झोप. आजी-आजोबा असले की हा भाग फुकटात पार पडतो.

आजी म्हणतील पोरगी काळवंडेल. आमच्याकडेही म्हणतात. मी लांब बाह्यांचा सुती शर्ट घालते तिला आणि विषय बदलते.

फी एकदम भरू नका, आधी दोन-चार धड्यांचीच भरा. बरीच मुलं खरारा करण्यात रमतात आणि स्वारी नको म्हणतात, तेही चालतंय. आणि तबेला बघायला जायचं ते सकाळी सातच्या आत जा. उन्हं वर आली की घोडे आत बांधतात, मग बाहेरून नुसत्या शेपट्या दिसतात.