लहान मुलांच्या गाठी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलीला आंघोळ घालताना पोटात कडक गोळा हाताला लागला. सोनोग्राफीत तो मूत्रपिंडाचा असल्याचे दिसले. तिला त्रास काहीच नाही. गोळा लगेच काढून टाकावा का? (पालक, सांगली)

उत्तर : आधी एक विनंती. घरी येणाऱ्या कोणालाही तो गोळा दाबून पाहू देऊ नका आणि पोटाचे मालीश पूर्ण थांबवा. या वयात मूत्रपिंडात होणारी नेहमीची कर्करोगाची गाठ म्हणजे विल्म्स ट्यूमर. ती नाजूक असते, आणि फुटून तिच्या पेशी पोटात सांडल्या तर आजार वरच्या टप्प्यातला धरावा लागतो व एरवी टळू शकले असते असे रेडिएशन पोटाला देण्याची वेळ येते. मुलगी हसते-खेळते आहे म्हणून गाठ साधी असेल, असे मात्र समजू नये; विल्म्सची मुले बहुधा अशीच असतात. शेजारच्या ॲड्रिनल ग्रंथीतून वाढणारा न्यूरोब्लास्टोमा हा दुसरा कर्करोग मुलाला अधिक आजारी करतो : ताप येतो, हाडे दुखतात, मूल चालायला नकार देते, कधी डोळ्यांभोवती काळेनिळे होते. सोनोग्राफीत दोन्हींची गल्लत होऊ शकते, म्हणून पोटाचा व छातीचा सीटी स्कॅन, रक्तदाबाची नोंद आणि लघवीची विशेष तपासणी करून घ्यावी.

अमेरिकेत शक्य तेथे मूत्रपिंड आधी काढतात; युरोपीय पद्धतीत सुमारे चार आठवडे व्हिन्क्रिस्टिन व ॲक्टिनोमायसिन ही केमोची औषधे देऊन गाठ आकसली की शस्त्रक्रिया करतात, आणि भारतातील अनेक केंद्रे याच वाटेने जातात. पेशींचा प्रकार अनुकूल असून आजार मूत्रपिंडापुरता असेल, तर दोन्ही वाटांनी दहापैकी नऊ मुले बरी होतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या, बालकर्करोगाचे स्वतंत्र पथक असलेल्या ठिकाणी पोहोचायला दोन-तीन दिवस लागले तरी नुकसान नाही. घाईची, अपुरी शस्त्रक्रिया मात्र भरून काढणे फार कठीण असते.

प्रश्न : पाच महिन्यांच्या बाळाच्या फोटोत एकच डोळा पांढरा चमकतो. वर्षाचे झाल्यावर दाखवले तर चालेल का? (पुणे)

उत्तर : नाही, याच आठवड्यात दाखवा. चमकण्याचे कारण मोतीबिंदूही असू शकते. पण रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग नाही, याची खात्री बाहुली मोठी करून पडदा पाहिल्याशिवाय होत नाही. या आजारात डोळ्यात सुई घालून तुकडा काढत नाहीत, कारण त्यातून पेशी बाहेर पसरू शकतात. निदान भूल देऊन केलेल्या तपासणीवर व स्कॅनवर होते. दोन्ही डोळ्यांत गाठी असतील तर दोष जन्मजात जनुकातला धरला जातो आणि भावंडांचे डोळेही तपासावे लागतात. डोळा काढण्याचा सल्ला ऐकून अनेक कुटुंबे उपचार सोडून जातात, याचे मला अतिशय दुःख होते. आजार डोळ्यातच असताना जवळजवळ प्रत्येक मूल वाचवता येते. तो डोळ्याच्या नसेतून मेंदूकडे गेल्यावर तसे म्हणता येत नाही.

प्रश्न : चार महिन्यांच्या नातवाला न्यूरोब्लास्टोमा आहे. तो यकृतात व त्वचेतही पसरला आहे, तरी डॉक्टर थांबून पाहू म्हणतात. आपण वेळ दवडत नाही ना? (आजोबा, नाशिक)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, पण हा सल्ला योग्य असू शकतो. दीड वर्षाखालील बाळांत आजार त्वचा, यकृत व थोड्या प्रमाणात अस्थिमज्जा एवढ्यापुरताच पसरला असेल आणि गाठीतील एमवायसीएन जनुकाच्या प्रती वाढलेल्या नसतील, तर अशा गाठी अनेकदा आपोआप विरतात. या जनुकाचा अहवाल आला का, हे जरूर विचारा. थांबणे म्हणजे ठरलेल्या तारखांना सोनोग्राफी व लघवीची तपासणी करत राहणे. एकही तारीख चुकवू नका. यकृत वाढून पोट फुगले किंवा श्वास जड झाला, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. अशा वेळी केमो लगेच सुरू करावी लागू शकते.

प्रश्न : चौदा वर्षांच्या मुलाचा गुडघा पडल्यापासून दोन महिने दुखतो, रात्री झोप मोडते. (लातूर)

उत्तर : पडल्याने हाडाचा कर्करोग होत नाही, पण असलेल्या दुखण्याकडे लक्ष जाते. चोळणे बंद करून आधी एक्स-रे काढा. त्यात शंका आली तर एमआरआय झाल्यावर, पुढे जे सर्जन शस्त्रक्रिया करणार आहेत त्यांनीच बायोप्सी करावी, कारण सुईचा मार्गही गाठीबरोबर काढायचा असतो, आणि छेद चुकीच्या जागी गेला तर वाचू शकणारा पायही गमवावा लागू शकतो.