पडून राहिलेलं जुनं सिमेंट फुगून भिंत फाडतं का? घरी तपासता येतं का?

वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. इंदुरात बिचोलीच्या बाजूला तुमचं घर चालू आहे. पावसाळ्यात काम थांबलं आणि तीसेक पोती खोलीत पडून राहिली. आता मिस्त्री म्हणतो, ‘ये सीमेंट फूलेगा, दीवार फाड़ देगा’, नवीन माल मागवा. दिवाळीआधी केलेल्या गिलाव्यावर केसासारख्या भेगा दिसताहेत, त्याचंही खापर तो याच पोत्यांवर फोडतोय. सिमेंट नीट धरतं का आणि धरल्यावर आकार टिकवतं का, हे कसं तपासायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

इथेच बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली, म्हणून लिहितो. तुमच्या मिस्त्रीचं अर्धं बरोबर आहे. पोतं जुनं झालं की सिमेंट मंद होतं, ताकद उतरते. पण जुनं झालं म्हणून सिमेंट फुगत नाही. मुळात फुगण्याचा दोष असलाच, तर पडून राहिल्याने तो बहुतेक वेळा कमी होतो.

कारण भट्टीत आहे. चुनखडी आणि माती साधारण १४५० अंशांवर भाजली की चुना मातीतल्या सिलिका-अॅल्युमिनाशी जोडला जातो. भाजणी नीट झाली नाही किंवा चुना प्रमाणाबाहेर पडला, तर त्यातला काही सुटा उरतो. कळीचा चुना पाण्यात टाकला की कसा उकळ्या मारत फुलतो ते तुम्ही पाहिलं असेल. भट्टीतला हा सुटा चुनाही तसाच फुलतो, फक्त इतका कडक भाजलेला असतो की त्याला फार वेळ लागतो. सिमेंट धरून दगड झाल्यावर तो आतून फुलायला लागतो, आणि जागा नसली की भेग पडते. मॅग्नेशियाचं, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडचं, तेच, त्याला तर वर्षंही लागू शकतात. तिसरा मामला जिप्समचा. सिमेंट पाणी पडताच आखडू नये म्हणून दळताना जिप्सम घालतात. ते जास्त झालं तर घट्ट झाल्यानंतरही रासायनिक क्रिया चालू राहते आणि तीही फुगवते. म्हणून मानकात मॅग्नेशिया आणि (जिप्सममधून येणारं) सल्फेट दोघांवर कमाल मर्यादा घातलेली आहे.

आता पोतं पडून राहिलं की हवेतला ओलावा आत शिरतो आणि त्या सुट्या चुन्याचा काही भाग पोत्यातच विझतो. जुन्या काळी नवं दळलेलं सिमेंट मुद्दाम जमिनीवर पसरून हवा देऊन ठेवायचे ते यासाठीच. आपल्या भारतीय मानकातही तशी सोय आहे. नमुना फुगण्याच्या चाचणीत नापास झाला, तर तो ७५ मिलीमीटर थरात सात दिवस दमट हवेत पसरून पुन्हा तपासता येतो, फक्त तेव्हा मर्यादा कडक होते. तोच ओलावा मात्र सिमेंटचे कामाचे कणही आधीच खर्च करून टाकतो. तुमच्या पोत्यांची खरी काळजी ही आहे.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या तपासायच्या: सिमेंट किती वेळात धरतं, आणि धरल्यावर फुगतं का.

धरण्याची वेळ विकाच्या उपकरणावर बघतात. लुई विका हा फ्रेंच इंजिनिअर, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याची सुई आजही जवळजवळ तशीच वापरात आहे. एका उभ्या दांड्याला एक चौरस मिलीमीटर टोकाची सुई असते, सगळं मिळून वजन ३०० ग्रॅम. खाली ४० मिलीमीटर उंचीच्या साच्यात सिमेंटचा लगदा. त्यात पाणी किती घालायचं हेही आधी ठरवावं लागतं. त्यासाठी सुईऐवजी १० मिलीमीटर जाडीचा दट्ट्या लावून तो तळापासून ५ ते ७ मिलीमीटरवर थांबेपर्यंत वेगवेगळं पाणी घालून बघतात, आणि मग धरण्याच्या चाचणीत त्याच्या ०.८५ पट पाणी घेतात. सगळं २७ अंशांच्या खोलीत. दर थोड्या वेळाने सुई अलगद टेकवून सोडायची. सुरुवातीला ती सरळ साच्याखालच्या काचेपर्यंत उतरते. मग एक वेळ अशी येते की तळापासून पाचेक मिलीमीटर आधीच अडकते. ही सुरुवातीची वेळ, आणि ती ३० मिनिटांच्या आत येता कामा नये. शेवटच्या वेळेला सुई बदलतात, तिच्या टोकाभोवती पितळेची छोटी चकती असते. मधली सुई ठिपका उमटवते पण चकतीच्या कडेचं गोल उमटत नाही, तेव्हा धरलं म्हणायचं. त्याला १० तासांहून जास्त लागू नयेत. नवख्या मुलांचा गोंधळ या गोलापाशी व्हायचा. उजेडात साचा तिरपा धरून बघितल्याशिवाय तो अर्धवट गोल दिसतच नाही.

याच मर्यादा पीपीसीला, म्हणजे राखेच्या सिमेंटला, तुमच्या पोत्यांवर बहुतेक तेच लिहिलेलं असेल. ते सुरुवातीला साध्या सिमेंटपेक्षा सावकाश ताकद पकडतं. डिसेंबरात इंदुरातली रात्र थंड असताना केलेलं काम सकाळी नखाने खरवडलं जात असेल, तर तेवढ्यावरून सिमेंट बाद ठरवू नका. उलट कधी लगदा पाचच मिनिटांत ताठ होतो आणि मिस्त्री घाबरून पाणी ओततो. तेव्हा पाणी न घालता नुसतं जोरात घोटून बघायचं. सैल झाला आणि मग नेहमीसारखा धरला, तर दळताना गिरणी तापून जिप्समचं पाणी उडालं होतं एवढंच. घोटूनही सैल होत नसेल तर तो माल बांधकामात नको.

फुगण्याची चाचणी बघायला मात्र मजा येते. ज्याचं नाव अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात समतोलाच्या नियमाला जोडून येतं, त्याच ल शातेलिएचा हा साचा. पितळेची ३० मिलीमीटर रुंद, तेवढ्याच उंचीची छोटी नळी, एका बाजूने उभी चिरलेली. चिरेच्या दोन्ही कडांना एकेक लांब काटा, नळीच्या मध्यापासून टोकापर्यंत १६५ मिलीमीटर. नळीत लगदा भरायचा, वर-खाली काच, वरच्या काचेवर लहान वजन, आणि २७ अंशांच्या पाण्यात २४ तास. मग दोन टोकांमधलं अंतर मोजायचं, साचा पुन्हा पाण्यात ठेवून अर्ध्या तासात उकळी आणायची, तीन तास उकळत ठेवायचं, थंड झालं की परत मोजायचं. काटे लांब असल्यामुळे नळी केसभर उघडली तरी टोकं डोळ्यांना दिसतील इतकी दुरावतात. मर्यादा १० मिलीमीटर. बऱ्या सिमेंटचा आकडा एक-दोन मिलीमीटरच्या आसपास असतो, म्हणून अहवालात सहा-सात दिसला तर पास असूनही मी त्या मालाकडे संशयाने बघतो.

उकळायचं कशाला? कारण जे भिंतीत महिने-वर्षं घेणार ते तीन तासांत घडवून आणायचं असतं. पण उकळत्या पाण्यात फक्त चुना उघडा पडतो, मॅग्नेशिया दाद देत नाही. त्यासाठी सिमेंटची बारीक पट्टी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेचा जबर दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात, घालतात. २.१ मेगापास्कल दाब, म्हणजे सुमारे २१६ अंश, तिथे तीन तास. लांबी ०.८ टक्क्याहून जास्त वाढली तर नापास. घरी प्रेशर कुकरमध्ये हे जमेल का, असं विचारणारे भेटले आहेत. नाही जमत, कुकरचा दाब याच्या कितीतरी खाली असतो. करूही नका.

उकळण्याची चाचणी मात्र ढोबळमानाने घरी होते. साधारण १०० ग्रॅम सिमेंट चाळून घ्या आणि पिण्याचं पाणी थोडं थोडं घालत घट्ट लगदा करा. तीस मिलीलीटरच्या आसपास पाणी लागेल. बोअरचं पाणी नको, नर्मदेचा नळ बरा. स्वच्छ काचेच्या तुकड्यावर तळहाताएवढी वडी थापा: मध्ये बोटभर जाड, कडा जितक्या पातळ होतील तितक्या. आणि हे महत्त्वाचं: त्याच वेळी, तेवढंच पाणी घालून, दुसऱ्या दुकानातल्या ताज्या पोत्यातली दुसरी वडी करा. एकट्या वडीवरून काही ठरवू नका, तुलना हवी. दोन्ही झाकणाच्या डब्यात ओल्या फडक्याशेजारी ठेवा, वाऱ्यावर नको. अधूनमधून नखाने दाबून दोघींच्या वेळा वहीत लिहा. जुनी वडी ताजीपेक्षा बरीच मागे पडली तर मिस्त्रीचं निम्मं म्हणणं सिद्ध झालं.

२४ तासांनी काचेसकट दोन्ही वड्या जुन्या पातेल्यात जाळीवर ठेवा, बुडतील इतकं थंड पाणी घाला, हळूहळू उकळी आणा आणि तीन तास उकळा. गार पाणी एकदम ओतू नका, काच तडकते. पातेलं परत स्वयंपाकाला नको, पाण्यात हात घालताना हातमोजे. निवल्यावर कडा बघा. वडी काचेवरून उचलून वाटीसारखी वळली, किंवा कडेकडून मध्याकडे जाणाऱ्या, कडेला रुंद अशा भेगा पडल्या, तर सिमेंट फुगतंय. उकळण्याआधीच वेड्यावाकड्या बारीक रेघा पडल्या असतील तर वडी सुकली होती, ती मोडून पुन्हा करा. एक सांगून ठेवतो: या वडीने ‘नापास’ म्हटलं तर विश्वास ठेवा, ‘पास’ म्हटलं तर अर्धाच ठेवा.

आता गिलावा. फुगणाऱ्या सिमेंटच्या भेगा दोन-तीन आठवड्यांत केसासारख्या येत नाहीत. त्या उशिरा येतात, वाढत जातात, पोपडे धरतात. तुमच्या भेगा आकसल्याच्या आहेत असं मला वाटतं. दिवाळीआधीचं ऊन, कोरडा वारा, वाळूत माती, आणि वर चकाकी यावी म्हणून मिस्त्रीने फिरवलेला नुसत्या सिमेंटचा घोळ. तो थर सगळ्यात जास्त आकसतो. प्रत्येक सिमेंट सुकताना थोडं आकसतंच. वरच्या कुठल्याही चाचणीत हे आकसणं पकडलं जात नाही, त्याला उत्तर तराईच, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणंच, आहे. पीपीसीला किमान १० दिवस, कोरड्या उन्हात १४ दिवस ओलं ठेवायला मानक सांगतं. तुमच्याकडे किती दिवस पाणी मारलं ते मिस्त्रीला न विचारता शेजाऱ्याला विचारा.

आणि भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर जात असेल, किंवा फरशी मधोमध उचलली असेल, तर सिमेंटचा विषयच सोडा. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. इंदूरच्या बाहेरच्या नव्या वसाहतींत ‘सिमेंट फुगलं’ म्हणून आमच्याकडे आणलेल्या कित्येक प्रकरणांत पाया या मातीत उथळ घातलेला निघाला. भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी चिकटवून तारीख लिहा. पट्टी तडकली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

पोत्यांचं काय करायचं? आधी छापलेला आठवडा आणि वर्ष बघा. तीन महिन्यांच्या वर गेलं असेल तर तपासल्याशिवाय स्लॅब, बीम, कॉलममध्ये नको. पोतं उघडून हात घाला: गाठी चिमटीत भुगा होत असतील तर ते नुसतं दबलेलं आहे, खड्यासारख्या कडक असतील तर ते गेलं. चार-पाच पोत्यांतून थोडं थोडं घेऊन सगळं मिसळा, पाच-सात किलो हवाबंद डब्यात भरा आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. धरण्याच्या वेळा, ल शातेलिए आणि ३, ७, २८ दिवसांची ताकद एवढं मागा. पीपीसीला २८ दिवसांनी ३३ मेगापास्कल यायला हवेत. ऑटोक्लेव्ह वेगळा सांगावा लागतो, नाहीतर बरेचदा करत नाहीत. २८ दिवस थांबायला वेळ नसेल तर ७ दिवसांचा आकडा बघा, २२ च्या खाली असेल तर स्लॅबसाठी ताजा माल आणा आणि हे चाळून फरशीखालच्या भरावाला, कंपाउंडच्या छोट्या कामाला वापरा. तोपर्यंत पोती जमिनीवरून उचलून लाकडी पाटांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा आणि वरून प्लास्टिक टाका.