शंका आली की साखर

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. मधुमेह असून डोंगरातली शर्यत पळालीस. शेवटच्या चढाला हात थरथरत होते, साखर मोजणाऱ्या सेन्सरवर ८४ आणि साखर उतरतेय असं दाखवणारा बाण खाली, आणि तू विचारतेस, "८४ म्हणजे ठीकच ना? थांबायला हवं होतं का?"

हो, थांबायलाच हवं होतं. बाण खाली असताना ८४ ठीक नसतं. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. पळताना साखर झपाट्याने उतरत असली की तो पाच-दहा मिनिटं मागेच असतो. तू ८४ वाचलंस तेव्हा रक्तातली ७०च्या खाली, म्हणजे धोक्यात, गेलेलीही असेल.

शंका आली की साखर. माझं सांगणं एवढंच आहे.

थंडीने कापतेय असं वाटलं, म्हणतेस. आपल्या पावसात ही फसगत ठरलेलीच. घाम, थरथर, धडधड या साखर उतरल्याच्या खुणा, आणि आषाढात चिंब भिजून सडा, म्हणजे डोंगरावरचं कातळी पठार, चढणाऱ्या कुणालाही त्या असतातच. म्हणून पायांकडे लक्ष दे. शेवाळलेल्या जांभ्या दगडावर पाऊल कुठे टाकायचं ते पायाला आपसूक कळत असतं. ते कळेनासं झालं, एकाच जागी दोनदा घसरलीस, मागच्याने हाक मारल्यावर उगाच चिडलीस, तर पावसाला दोष देत बसू नकोस. खा.

"चिखलात थांबलं की लय जाते," म्हणतेस. जाऊ दे! अगं, थांबू की नको हे तू ज्या मेंदूला विचारतेस तोच तेव्हा उपाशी असतो. तो हमखास सांगणार, आता थोडंच राहिलंय. म्हणून हा निर्णय डोंगरावर घ्यायचाच नाही. आदल्या रात्री घरी, कोरड्या कपड्यांत, पोटभर जेवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर वाद घालायचा नाही.

१५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबणं, पुन्हा तपासणी. अजून ७०च्या खालीच असेल तर आणखी १५ ग्रॅम. खिशात शेंगदाण्याची चिक्की होती म्हणे. ती शर्यत संपल्यावर खा, दाण्यातल्या तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ग्लुकोज पाण्यात कालवून घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत ने. कागदी पुडीचा पहिल्या पऱ्ह्यातच, म्हणजे ओढ्यातच, लगदा होतो. बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून साखर मोजणारं मीटर वापरशील तेव्हा बोट आधी पुसून कोरडं कर. ओल्या बोटावर रक्त पातळ होऊन आकडा कमी दिसतो आणि ग्लुकोजने चिकट झालेल्या बोटावर खोटा चढा. बोट पुसायला काही कोरडं नसेल तर? तर आकडा राहू दे. शंका आली की साखर.

इन्सुलिन मांडीत घेऊन पळू नकोस, पळत्या मांडीतून ते लवकर रक्तात उतरतं. डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांना विचार, मला नको. आणि रात्रीचं विसरू नकोस. रिकामे झालेले स्नायू झोपेतही साखर ओढत राहतात, त्यामुळे पहाटे ती पुन्हा उतरू शकते.

मला लोक भित्रा म्हणाले. मलाही हाच मधुमेह, तो लपवला नाही म्हणून एका शर्यतीच्या आयोजकांनी माझं नावच काढून टाकलं. पुढच्या अर्जातही मी तो लिहिला. पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, कडेला बाटली तोंडाला लावून उभं राहिलं की पंधरा मिनिटांत किती जण पुढे जातात, ते मी पाहिलंय. त्यातले कितीतरी माझ्याहून हळू पळणारे होते. पहिल्या पाचांत कधी आलो नाही याची सल आजही आहे, ती काही जात नाही. तरी थांबलो ते बरोबरच केलं. पुन्हा पळायला मिळालं तर त्याच वळणांवर पुन्हा थांबेन.

सोबत पळणाऱ्या दोघांना तरी सांगून ठेव: मी बेशुद्ध पडले तर तोंडात काही ओतू नका, १०८ला फोन करा. हे सांगायला कसली लाज?

रविवारी सड्यावर ये. आईलाही आण, तिला मीटर दाखवू म्हणजे तिचा जीव थोडा खाली पडेल. बाटली भरून आण. रिकाम्या हाताने आलीस तर पायथ्यावरूनच परत पाठवीन.

तुझा काका