हिस्ट्री तुझी तूच घे

प्रिय डॉक्टर,

परवा रात्रीचा तुझा मेसेज दोनदा वाचला. यवतमाळला मेडिसिनची सीट, घर कोल्हापूरला, रेल्वे धरायची तर आधी धामणगाव गाठायचं, आणि पुण्या-मुंबईतले बॅचमेट ग्रुपवर रोज कुठली तरी दुर्मिळ केस टाकतात, तुझ्या वाट्याला मात्र तेच ते, पॉयझनिंग, साप, ताप, सिकलसेल. सीट सोडून परत नीट पीजीची प्रवेश परीक्षा देऊ का, असं विचारलंस. झोप नाही, जेवण नाही, बाथरूममध्ये जाऊन रडणं, हे सगळं मला माहितीये, त्यावर काही लिहीत नाही. 1992 च्या केंद्राच्या रेसिडेन्सीच्या नियमांत सलग ड्यूटी साधारण 12 तास आणि आठवड्याला 48 तास असं लिहिलंय, त्यासाठी भांडायलाच हवं, मार्डच्या, निवासी डॉक्टरांच्या आपल्या संघटनेच्या, मीटिंगला जा आणि भांड. पण तुझा प्रश्न तो नाहीये. इथं शिकायला आहे काय, हा तुझा प्रश्न आहे आणि तो वाचून मला राग आला.

कारण त्याच मेसेजमध्ये खाली तू सहज लिहून गेलीस की पेशंटची हिस्ट्री, म्हणजे काय होतंय, कधीपासून, कसं, ही सगळी विचारपूस, इंटर्न लिहून ठेवतो, मी फक्त ऑर्डर टाकते. अगं, मग शिकणार कशी? हिस्ट्री तुझी तूच घे. कितीही गर्दी असू दे.

पहाटे चारला पोरगा येतो, पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्या. इंटर्न लिहितो पोटदुखी, उलटी, अॅसिडिटीचं पॅन्टोप दिलं. रात्री कुठं झोपला होता हे कोणी विचारत नाही. जमिनीवर झोपला होता, शेतातल्या खोपडीत. मण्यार चावताना बरेचदा कळतही नाही, अंगावर खूण सापडत नाही, सूज नाही, काही नाही. वीस मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट लावलीस तरी रक्त व्यवस्थित गोठणार, कारण मण्यारीचं विष नसांवर जातं, ट्यूब बघून तू निश्चिंत होणार आणि तासाभरात त्याच्या पापण्या खाली यायला लागणार. आपलं अँटी स्नेक व्हेनम नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांवर चालतं, ते फ्रिजमध्ये पडलेलं असतं, व्हेंटिलेटर शेजारच्या वॉर्डात असतो. अडतं ते एका प्रश्नापाशी. तो प्रश्न तुला सुचायला हवा आणि तो बेडपाशी बसल्याशिवाय सुचत नाही.

2017 तुला आठवत असेल, तेव्हा तू एमबीबीएसलाही नसशील कदाचित. जुलैपासून पुढं या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली, वीसहून जास्त माणसं गेली. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, पाठीवरच्या पंपाचा फवारा सरळ तोंडावर येत होता. अशा माणसाला "काय प्यायलास" असं विचारलं तर तो नाहीच म्हणणार, कारण तो काही प्यायलाच नव्हता! त्याला विचारायचं की पंपात काय काय कालवलं, किती दिवस सलग मारलं, शर्ट कधी बदलला, अंघोळ केली का. बाटली घरी राहिली असेल तर भावाला फोन करून फोटो मागव. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली असतात आणि सगळ्यांवर अॅट्रोपिन हा उतारा चालत नाही. ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक असेल तर दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत छाती मोकळी होईपर्यंत द्यायचं, हे तुला पाठ आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट हसतोय, चहा मागतोय, तेव्हाही त्याच्यापाशी जा आणि म्हण, बाबा, उशीवरून डोकं उचला. नाही उचलता आलं तर श्वास जायच्या आधीची ती सूचना आहे, श्वासनलिकेत घालायची ट्यूब तयार ठेव. मॉनिटर तोवर सगळं नॉर्मलच दाखवत असतो.

हे पुण्यातले तुझे मित्र कुठं बघतात?

भाषा येत नाही, ही सबब मला सांगू नकोस. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यावरची बाई गोरमाटी बोलते, झरी-पांढरकवड्याची कोलाम आजी दोन शब्दांत उत्तर देऊन गप्प होते. वॉर्डातल्या मावशीला शेजारी बसव, सोबतच्या पोराला बसव, आणि "कसंतरी होऊन रायलं" म्हटल्यावर दुसरा प्रश्न विचार, मग तिसरा विचार. डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तिथं विंचू चावलेल्या माणसांपाशी बसून बारीक नोंदी केल्या, त्यातून विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार पुढं आला, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2022 ला पद्मश्री मिळाली ती फार नंतरची गोष्ट. सुरुवात बेडपाशी बसण्यातून झाली.

मला स्वतःला कार्डिओलॉजीत डीएम, म्हणजे एमडीच्या पुढची पदवी, करायचं होतं. घरातली आजारपणं, मुलं लहान, राहून गेलं ते गेलंच. नागपूरला कॉन्फरन्सला गेले की बॅचमेट मोबाइलवर अँजिओ दाखवतात आणि मला आजही आत कुठंतरी लागतं, खोटं का बोलू. पण मी इथून 150 किलोमीटरवर नागपूरला पेशंट पाठवते तेव्हा तिकडच्या डॉक्टरचा फोन येतो की मॅडम, चिठ्ठी वाचली, इको लावायच्या आधीच काय असेल ते कळलं. ती चिठ्ठी मी स्वतः विचारून लिहिलेली असते. इथं राहून मी काही कमी डॉक्टर झाले नाही, आणि कोणी तसं म्हटलं तर मी आजही भांडते. तुझ्याशीसुद्धा भांडेन.

पुढं डीआरपीचे, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे, तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढशील, तिथं मागं वळून विचारायला युनिटचे सर उभे नसतील. तोवर सवय लाव.

सीट सोडायची की नाही हे मी आज सांगणार नाही. दिवाळीनंतर घरी ये, जेवायलाच ये. येताना तीन केसच्या हिस्ट्री घेऊन ये, नाव-गाव गाळून. मी तिन्ही वाचेन, मग त्यावर बसून बोलू. अक्षर मात्र तुझं हवं, इंटर्नचं निघालं तर परत पाठवीन.