दट्ट्या झटकन सुटला, तर कार्य कमी का भरते?

प्रश्न : सिलिंडरमध्ये दट्ट्याखाली १ मोल आदर्श वायू आहे, तापमान ३०० केल्विन, दाब १० बार. दट्ट्यावरची वजने एकदम उचलली आणि वायू १ बारपर्यंत पसरला. तापमान शेवटी ३०० केल्विनच. संथ प्रसरणाच्या लॉगच्या सूत्राने (nRT × आकारमानांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग) कार्य ५,७४३ जूल येते, पण उत्तर २,२४५ दिले आहे. उरलेली ऊर्जा गेली कुठे?

उत्तर : कुठेच गेली नाही, ती वायूत आलीच नव्हती! आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा फक्त तापमानावर ठरते. तापमान सुरुवातीला आणि शेवटी सारखेच, म्हणजे वायूने जेवढे कार्य केले तेवढीच उष्णता बाहेरून घेतली. संथ प्रसरणात ५,७४३ जूल घेतली, झटक्यात २,२४५.

लॉगचे सूत्र आतला दाब धरून निघते आणि तो दर क्षणी बाहेरच्या दाबाएवढा आहे असे गृहीत धरते. दट्ट्या सुसाट निघाला की त्याच्या लगतचा वायू विरळ होतो, तळाशी दाट राहतो. मग ‘आतला दाब’ म्हणून एक आकडा सांगताच येत नाही. बाहेरचा दाब मात्र ठाम १ बार आहे. आकारमान २.४९ लिटरवरून २४.९४ लिटर झाले, ही २२.४५ लिटरची वाढ गुणिले १ बार, म्हणजेच २,२४५ जूल. मध्येच दट्ट्याला मिळालेली गतिज ऊर्जा तो वरखाली हेलकावून थांबेपर्यंत वायूच्या अंतर्गत घर्षणाने उष्णतेत परतते.

हुकलेले ३,४९८ जूल एंट्रॉपीत (ऊर्जा किती विखुरली याच्या मापात) दिसतात. वायूची एंट्रॉपी १९.१४ जूल प्रति केल्विन वाढली, परिसराची ७.४८ ने घटली. निव्वळ वाढ ११.६६, तिला ३०० ने गुणून पाहा.

बाहेर निर्वात असेल तर कार्य शून्य. इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी १८४५ मध्ये तांब्याच्या दोन भांड्यांत हेच तपासले : एकात सुमारे २२ वातावरण दाबाची हवा, दुसरे रिकामे, दोन्ही पाण्यात बुडवलेली. तोटी उघडल्यावर पाण्याचे तापमान बदललेले दिसले नाही.

प्रश्न : हाच प्रयोग उष्णतारोधक सिलिंडरमध्ये, आर्गॉन घेऊन केला. दाब गुणिले आकारमानाचा गॅमावा घात (गॅमा म्हणजे स्थिर दाबाच्या व स्थिर आकारमानाच्या उष्णताधारकतांचे गुणोत्तर) स्थिर धरून मला शेवटचे तापमान ११९ केल्विन मिळाले. बरोबर आहे?

उत्तर : नाही. तो नियम संथ, व्युत्क्रमी (कधीही उलट फिरवता येणाऱ्या) प्रसरणाचा. इथे थेट ऊर्जेचा ताळा मांडा : आंतरिक ऊर्जेतली घट = बाहेरचा दाब × आकारमानातली वाढ. आर्गॉनसारख्या एकाणू (सुट्या अणूंच्या) वायूसाठी, त हे शेवटचे तापमान धरून आणि दोन्ही बाजूंचा वायुस्थिरांक R काढून, १.५ × (३०० − त) = त − ३०; म्हणून त = १९२ केल्विन आणि कार्य सुमारे १,३४७ जूल. संथ प्रसरणात ते २,२५२ भरले असते. कार्य कमी झाले म्हणूनच वायू कमी थंड झाला.

दाबाखालच्या मोठ्या बाटलीचे बूच काढून लगेच बसवले तर मात्र गॅमाचा नियम बऱ्यापैकी चालतो. तिथे आत उरलेला वायू बाहेर जाणाऱ्या वायूला जवळजवळ स्वतःच्याच दाबाने ढकलत असतो, आणि तेवढ्या वेळात भिंतींकडून फारशी उष्णता येत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लेमां आणि देझॉर्म यांची गॅमा मोजण्याची पद्धत यावरच उभी आहे.