सोलरचा हॉल आणि आमचं डिझेलवरचं हरित अधिवेशन

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. जळगाव किंवा धुळे, पावणेतीनशे माणसं, दोन दिवस, एप्रिलचा दुसरा आठवडा, आणि कार्यक्रम 'हरित' असावा ही प्रायोजकाची अट. खाली चार नव्या हॉलांची यादी, त्यातल्या एकापुढं तुम्ही 'छतावर सोलर आहे!' लिहून हिरवं बदाम टाकलंय. ते बदाम बघून राहवलं नाही, कारण तीन वर्षांपूर्वी हेच बदाम माझ्या वहीत होतं.

बुकिंग, पोलिसांची परवानगी, माइक रात्री दहाला बंद, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. मी इव्हेंटवाला नाही, साधा मास्तर आहे. आमच्या संघटनेची चार अधिवेशनं खान्देशात अंगावर घेतली, तेवढाच अनुभव. एखाद्या हॉलची आता परिस्थिती सुधारलीही असेल, तेव्हा स्वतः जाऊन बघा.

तर झालं असं. परीक्षा आटोपल्यावर, एप्रिलअखेर, साडेतीनशे शिक्षक. हॉल नवा कोरा, उद्घाटनाची कोनशिला अजून कापडानं झाकलेली. छतभर पॅनल. तो हॉल ज्या कार्यालयाच्या ताब्यात होता (कुठलं ते विचारू नका, मला अजून तिथं कामं पडतात) तिथल्या बाबूंनी सांगितलं, "सर, पूर्ण हॉल सोलरवर चालतो. लाइटचं टेन्शनच नाही." मी ते वाक्य जसंच्या तसं निमंत्रणपत्रिकेत छापलं. 'सौरऊर्जेवरील अधिवेशन.' छापलं म्हणजे अडकलो.

पहिल्या दिवशी पावणेबाराला फीडर, म्हणजे त्या भागाला वीज देणारी लाइन, ट्रिप झाला. बाहेर त्रेचाळीस डिग्री, पॅनलवर हात ठेवला तर फोड येईल असं ऊन, आणि आत अंधार. एसी बंद, माइक बंद, व्यासपीठावरचे पाहुणे हातातल्या पत्रिकेनं वारा घेतायत. तीच पत्रिका! आमच्या मंडपवाल्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "सर, इतलं ऊन शे, आन सोलर बंद कसं?"

मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. आता आहे, आणि या अख्ख्या उत्तरातली कामाची गोष्ट हीच आहे. छतावरचं बहुतेक सोलर 'ऑन-ग्रिड' असतं. त्याचा इन्व्हर्टर लाइनच्या विजेला जोडून चालतो, आणि लाइन गेली की स्वतःहून बंद पडतो. हा बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला बंद समजलेल्या तारेतून तुमच्या छताची वीज बसेल. लाइन गेल्यावरही सोलर चालायला बॅटरी आणि हायब्रिड (लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर लागतो, आणि तो असला तरी बऱ्याचदा दिवे-पंख्यांपुरताच जोडलेला असतो, एसीला नाही. म्हणजे 'सोलर आहे' याचा अर्थ 'वर्षाचं वीजबिल कमी येतं' एवढाच. 'लाइट जाणार नाही' हा अर्थ बाबूंनी सांगितला आणि मी न तपासता छापला.

बरं, जनरेटर? जनरेटर रूम होती. दारावर पाटीसुद्धा होती. आत रंगाचे रिकामे डबे आणि एक पंक्चर सायकल. कार्यालयात फोन केला तर "खरेदी प्रक्रियेत आहे", आणि "पर्यायी विजेची व्यवस्था भाडेकरूनं करावी, अर्जाच्या मागच्या पानावर अट आहे, वाचली नाही का?" नव्हती वाचली. मागचं पान झेरॉक्समध्ये इतकं पुसट होतं की अट आहे की डाग, कळत नव्हतं. शेवटी दीड तासानं भाड्याचा १२५ केव्हीएचा जनरेटर आला आणि दोन्ही दिवस दाराशी धडधडत राहिला. तासाला वीसेक लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळालं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हा हिशेब आमच्याच एका विज्ञानाच्या मॅडमनी समारोपात मांडला. टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या.

अनामत परत मिळवायला सहा खेपा. साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, साहेब आहेत पण सही करणारे साहेब वेगळे. सातव्या महिन्यात चेक आला, 'वीज आकार' पूर्ण कापून. जी वीज नव्हती तिचा आकार! असो. रक्तदाब वाढतो.

म्हणून तुमच्या चारही हॉलांना भर दुपारी जा, सकाळी नको. सगळे एसी लावायला सांगा आणि मग केअरटेकरला म्हणा, भाऊ, मेन स्विच पाडून दाखवा. काय चालू राहतं, काय बंद होतं, किती मिनिटांनी परत येतं, ते कागदावर घ्या. स्विच पाडायला आढेवेढे घेतले तर तेच उत्तर समजा.

आणि एप्रिल कशाला? हे माझं वैयक्तिक मत, पण ठाम आहे. १९३६ साली आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं ते डिसेंबरात. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू, चटया असल्या इथल्याच साहित्यातून ते नगर उभं केलं, आज त्याला कुणी 'ग्रीन व्हेन्यू' म्हटलं असतं. अमळनेरचं ९७वं साहित्य संमेलन झालं फेब्रुवारी २०२४ मध्ये. आपल्याकडं शहाण्यांनी थंडीच निवडली. थंडीत एसी लागतच नाही, आणि यापेक्षा मोठी बचत कुठलं पॅनल करणार? शिवाय भरताची वांगी ताजी असतात. कळण्याची भाकरी, भरीत आणि ठेचा दिला तर पुण्याचे पाहुणे हॉल विसरतात.

जेवणाचं निघालंच आहे तर सांगतो. 'केळीचा जिल्हा आहे, केळीच्या पानावर जेवू' हा मोह टाळा. बुफेत पान हातात धरता येत नाही, वरण-बट्टीचं वरण तर सरळ साडीवर. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण चांगले, किंवा भांडीवाल्याकडून स्टीलची ताटं. मोजून घ्या, मोजून द्या. चकचकीत 'कागदी' प्लेटांना आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, त्या कुजत नाहीत. थर्माकोलच्या सजावटीवर आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. फ्लेक्सवाला "चालतं हो" म्हणेल, तुम्ही कापडी बॅनर शिवून घ्या आणि त्यावर साल घालू नका, पुढच्या वर्षी चालतो.

हॉलऐवजी मोकळ्या मैदानावर मंडप टाकणार असाल तर २०१६ च्या घनकचरा नियमांत शंभरापेक्षा जास्त माणसांच्या कार्यक्रमाची सूचना स्थानिक संस्थेला किमान तीन कामाचे दिवस आधी द्यायची होती, आणि ओला-सुका कचरा आयोजकानं वेगळा करून द्यायचा. नवे नियम काय म्हणतात ते एकदा विचारून घ्या. पत्र दिलं की आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. तोंडी "होऊन जाईल" म्हणजे होणार नाही.

धुळ्याचा मला फारसा अनुभव नाही, तिथलं कुणी असेल तर त्यांनी सांगावं.

पाहुण्यांना फिरवायचं असेल तर अधिवेशन शनिवार-रविवार ठेवून सोमवारी अजिंठा असा बेत करू नका. सोमवारी लेणी बंद असतात. शुक्रवारी नेऊन आणा. खासगी गाड्या फर्दापूरच्या टी पॉइंटला थांबतात, पुढं तिथल्या बसनं जावं लागतं, तो वेळ धरा. आणि सोमवारी उरलेल्यांना जळगावच्या जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ (गांधीजींवरचं संग्रहालय) दाखवायचं असेल तर आधी फोन करून वेळ विचारा. आमच्या वेळी मी तेही केलं नव्हतं.